आमच्या गाडीचा आरसा कुणाकडे बघतो

आरसा पडला तेव्हा गाडी उभी होती, हे आधीच सांगून ठेवते. कारण आमचा थोरला सगळ्यांना वेगळंच सांगत फिरतोय. बाबांनी गाडी खड्ड्यात घातली, मागच्या सीटवरून आई ओरडली आणि आरसा दचकून खाली पडला, असं त्याचं म्हणणं. ऐकणारे हसतात. हसणाऱ्याला पुरावा लागत नाही. खरं काय ते असं की गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, मी तोंड मिटून बसले होते, आणि हे सगळं भर सरकारी आवारात चाललं होतं. आरसा पाडणारा माणूसही सरकारीच होता. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक गळकं.

गाडी जुनी झाली की तिला तपासणीच्या कचेरीत नेऊन दाखवावी लागते. दिवे लागतात का, ब्रेक धरतो का, धूर किती सोडते. माणसांना हा नियम नाही ते बरं आहे, नाहीतर आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी धुरातच नापास झाली असती. आमची गाडी पहिल्यांदाच तपासणीला गेली होती आणि सगळ्यात पास होत चालली होती. दिवे लागले. ब्रेक धरला. हॉर्न तर असा वाजला की रांगेतल्या पुढच्या गाडीतला माणूस उतरून भांडायला आला. तपासनिसानं गाडीभोवती एक फेरी मारली, ह्यांच्या शेजारचं पुढचं दार उघडलं, आत डोकावला, "हं, ठीक आहे" म्हणाला आणि दार लावलं. लावलं म्हणजे आपटलं. सरकारी दारं आपटायची सवय असते त्यांना, आमचं दार घरचं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्या दणक्यानं समोरच्या काचेला चिकटवलेला आतला आरसा सुटला आणि ह्यांच्या मांडीवर येऊन बसला.

तपासनिसानं परत आत पाहिलं. मग हातातल्या कागदावर फुली मारली.

"आतला आरसा नाही," तो म्हणाला.

"नाही कसा? हा काय मांडीवर!"

"जागेवर नाही."

"तुम्ही दार आपटलंत त्याच्या आधी होता."

"आजी, मी आत्ता तपासतोय. आत्ता जागेवर आहे का?"

"नाही."

"मग नाही."

इतक्या कमी शब्दांत मला आजवर कुणी गप्प केलं नव्हतं. आणि वर आजी! माझं वय विचारलं नाही, मला नातवंडं आहेत का विचारलं नाही, गाडीकडे बघून माझा हिशेब करून मोकळा झाला.

"ज्यानं पाडला त्यानं लावून द्यावा," मी म्हटलं.

"आमचं काम तपासायचं. लावायचं नाही." त्यानं पेनाला टोपण घातलं. गळक्याचं दुसऱ्याला. "पुढच्या सोमवारी आरसा लावून आणा. नाही आणलात तर नोंदणी रद्द. मग गाडी रस्त्यावर आणता यायची नाही."

घरी परत येताना कळलं आरसा म्हणजे काय चीज असते ती. मी गाडी चालवत नाही, चालवतात हे. पण गाडी कुठे जाणार, केव्हा वळणार, कुणाला पुढे जाऊ देणार, हे मागच्या सीटवरून ठरतं. आता ह्यांचा स्वभाव असा की गाडी चालवताना मागून कुणी बोललं की दचकतात आणि पाय भलतीकडे जातो. म्हणून आमचा सगळा कारभार आरशातून. मी भुवई वर केली की हळू. हनुवटी ज्या बाजूला नेली त्या बाजूला वळायचं. डोळे मोठे केले की समोर म्हैस असो की मंत्री, थांबायचं. आणि ओठ घट्ट मिटले की निघायचं, लगेच, काही न विचारता. इतकी वर्षं गाडी अशी चालली आणि कुणाला ओरखडा गेला नाही. आरसा पडल्यावर मात्र हे प्रत्येक चौकात गाडी थांबवून, सगळं अंग वळवून मागे बघायला लागले. "आता?" मागे हॉर्नांचा कालवा. एकानं जाता जाता काच खाली करून विचारलं, "काका, भांडण घरी नाही का करता येत?"

थोरल्याला सगळं सांगितलं तर त्याला आनंद झाला. दाखवला नाही त्यानं, पण आईला मुलाच्या पाठीवरूनसुद्धा कळतं.

"आई, बरंच झालं," तो म्हणाला. "सोमवारी जाऊच नका. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, घरी येऊन नेईल. तुम्हाला कुठे जायचं असेल तर मी सोडत जाईन ना."

सूनबाई म्हणाली, "खरंच आई, या वयात कशाला तो ताप?"

दोघं चांगली आहेत हो. पण त्यांना एक गोष्ट कळत नाही. स्वतःची गाडी माणसाला जायला लागत नाही, निघायला लागते. जायचं काय, कुणीही सोडतं. पण समजा तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि तिथे तुमचा अपमान झाला. ताडकन उठायचं, पर्स काखेत मारायची, "चला हो" म्हणायचं आणि चालू पडायचं. ह्याला दारात स्वतःची गाडी उभी लागते. मुलाच्या गाडीनं गेलेली बाई ताडकन उठते, दारापर्यंत जाते, मुलाला फोन करते, आणि तो येईपर्यंत परत त्याच खुर्चीवर येऊन बसते. ज्यांनी अपमान केला त्यांचाच चहा पिते. मी पाहिल्यात अशा बायका. दुसऱ्या कपाला त्यांना अपमान कशाचा झाला होता तेच आठवत नाही.

दर गुरुवारी मी माझ्या धाकट्या बहिणीकडे जाते. दर गुरुवारी ती काहीतरी बोलते. दर गुरुवारी मी निघते. तेवढ्यासाठी ही गाडी आम्ही जपली आहे. ती भंगारात गेली असती तर मला बहिणीचं ऐकून घेत बसावं लागलं असतं, आणि हे वय काही नवीन सवयी लावून घ्यायचं नाही.

तेव्हा मी जाहीर केलं, "आरसा लागणार. सोमवारी गाडी जाणार."

आमच्याकडे काहीही जाहीर केलं की पहिल्यांदा ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं. खाली हेडसाहेब राहतात. कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण हेड काही उतरलं नाही. तुमच्याकडे अडचण यायच्या आत त्यांचा सल्ला येतो. त्या दिवशी तर हे गाडीपाशी पोचायच्या आत साहेब तिथे हात मागे बांधून उभे होते.

"वहिनी, काम अगदी क्षुल्लक आहे," ते म्हणाले. "काचेला पत्र्याची एक चकती चिकटवायची, तिच्यात आरसा अडकवायचा. बस्स."

"तुम्ही चिकटवली आहे कधी?"

"चिकटवून घेतली आहे," साहेब म्हणाले. म्हणजे दुसऱ्यानं केलं, ह्यांनी बघितलं.

साहेबांनी घरातून एक बारीकशी नळी आणली. तो गोंद म्हणे एका क्षणात धरतो. बटणाएवढी ती चकती, तिच्यावर साहेबांनी नळी अशी पिळली की गोंद ह्यांच्या मनगटापर्यंत ओघळला. "आता अंगठ्यानं दाबून धरा," साहेब म्हणाले, "आणि मी सांगेपर्यंत सोडू नका." ह्यांचा आज्ञाधारकपणा मी इतकी वर्षं खपून तयार केलेला. त्यांनी अंगठा दाबला आणि साहेबांकडे बघत बसले. साहेबांना तेवढ्यात त्यांच्या कचेरीतली एक गोष्ट आठवली. कपाटाच्या किल्लीची. त्या गोष्टीत तीन साहेब, दोन शिपाई आणि एक चौकशी समिती होती. किल्ली सापडली तेव्हा साहेब म्हणाले, "सोडा आता."

ह्यांनी सोडलं. चकती टुणकन खाली पडली. अंगठा राहिला काचेवर.

पुढचं सगळं दुपारच्या उन्हात झालं. हे गाडीत, उजवा अंगठा काचेला, आणि बाहेर निम्मी इमारत. काचेतून तो अंगठा असा ताठ दिसत होता की रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांनी "छान, छान" म्हणून आपलाही अंगठा दाखवला. बाकीचे सल्ले देत होते. एक म्हणाला पेट्रोल ओता. दुसरा म्हणाला पेट्रोलनं पेट घेईल, त्यापेक्षा बर्फ लावा. वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, "दोऱ्यानं हळूच कापत गेलं तर निघेल."

"काय कापत?" मी विचारलं.

"ते मधलं," ती म्हणाली.

साहेबांचं मत पडलं की अंगठा तसाच ठेवून काच काढावी आणि काचेसकट दवाखान्यात जावं. हे मत त्यांनी इतक्या गंभीरपणे मांडलं की दोन माणसं काचेचं रबर कुठून सुटतं ते बघायलासुद्धा लागली.

ह्यांना मी खिडकीतून जेवू घातलं. आमच्या संसारात घास भरवायची ही पहिलीच वेळ, आणि तीही पंचवीस माणसांच्या देखत. हे म्हणाले, "मीठ कमी आहे." मी म्हटलं, "अंगठा सुटू दे, मग बघते मिठाचं." तेवढ्यात थोरला कामावरून आला. आईबापांना असं बघून त्यानं काय करावं? फोटो काढला.

शेवटी मी सगळ्यांना मागे सारलं. भांड्याला चिकटलेलं काय आणि काचेला चिकटलेलं काय, ओढून निघत नाही, भिजवून निघतं. कोमट पाणी, साबण आणि थोडा धीर. पाणी सोडत राहिले, अंगठा गोल गोल फिरवायला लावला, आणि सुटला. जरा कातडं गेलं, पण अंगठा आख्खा आला. साहेब म्हणाले, "मी हेच सांगणार होतो." मी म्हटलं, "साहेब, तुमची ती किल्ली परत हरवायच्या आत घरी जा."

दुसऱ्या दिवशी काचवाल्याच्या दुकानात गेलो. त्याच्या दुकानात सगळीकडे काचा उभ्या, त्यामुळे एक माणूस आत शिरला की दहा शिरल्यासारखे वाटतात. हा एकदम तालेवार कारागीर. चकती बोटात धरून त्यानं अशी फिरवली जसा एखादा सोनार खोटा दागिना फिरवतो.

"ही गाडी अजून चालते?" त्यानं विचारलं.

"चालत आली म्हणूनच इथे उभी आहे," मी म्हटलं.

"हिची नवी चकती मिळत नाही. ही जुनी धरणार नाही. आख्खी काच बदला, आरसा लावून येतो तिच्याबरोबर."

"आरशासाठी काच बदलू? उद्या बटण तुटलं तर सदरा बदलायला सांगाल."

"मग भंगारात घाला, मावशी. गाडीपण आणि आरसापण," तो म्हणाला आणि मागे वळून कुणाशी तरी हसला. त्या सगळ्या काचांमधून दहा जण हसले.

झालं. अपमान झाला. मी पर्स काखेत मारली, ताडकन बाहेर आले, मागच्या सीटवर बसले, दार लावलं, समोर नजर लावली आणि ओठ मिटले. कुठलाही अपमान असा निघून गेल्याशिवाय पुरा होत नाही. पण गाडी हलेना. हे चक्क हात मांडीवर ठेवून बसले होते. मी ओठ आणखी मिटले. काही नाही. काचवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. मग ह्यांनी सगळं अंग वळवून मागे बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय गं, निघायचं का?"

काचवाला म्हणाला, "निघा, निघा, सावकाश निघा."

आरशाशिवाय माणसाला धड रागावतासुद्धा येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येईपर्यंत माझा रक्तदाब वाढला होता आणि हे विचारत होते, "डावीकडे ना?"

मग मी काम स्वतःच्या हातात घेतलं. शाळेत माझं फार काळ पटलं नाही, पण घासण्यापुसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. काचेवर बोट फिरवून बघितलं. चिकट! हे दर रविवारी कसल्याशा तेलाच्या फडक्यानं ती काच चमकवायचे, जुन्या गोंदाचं खवलं तसंच, वर ह्यांच्या अंगठ्याचं कातडं. जिथे चिकट असतं तिथे काही चिकटत नाही. तवा बघा की. मी पात्यानं खरवडलं, सोड्यानं घासलं, पुसलं, वाळू दिलं, परत घासलं. काच अशी झाली की एक माशी थेट येऊन आपटली. सूनबाईला बाजारात पाठवून काचेवर पत्रा धरणारा खास गोंद आणायला लावला. साहेब खिडकीतून ओरडले, "वहिनी, माझी नळी अर्धी शिल्लक आहे!" मी ऐकलं नाही.

आता प्रश्न जागेचा. आरसा ज्या दांडीवर असतो तिचा सांधा कधीचाच आखडलेला, माझ्या गुडघ्यासारखा. एकदा ज्या दिशेला तोंड केलंय ते केलंय. म्हणजे चकती जिथे आणि जशी बसेल तसा आरसा कायमचा बघणार. सूनबाई म्हणाली, आधी बाहेरून काचेवर खूण करू, म्हणजे आतली साफ काच खराब होणार नाही. मुलगी हुशार आहे, मी तिला तसं सांगत नाही एवढंच. तिनं स्वतःची लिपस्टिक काढली. हे पुढे बसले, मी माझ्या जागेवर मागे, सूनबाई आरसा धरून मध्ये वाकलेली.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"तुझी पर्स," हे म्हणाले.

"वर घे गं."

"आता गाडीचं छत."

"थोडं खाली. आता?"

"आता तुझं अर्धं कपाळ. जरा डावीकडे, सूनबाई. अजून. हां, हां! भुवया आल्या. हनुवटीपण आली. बस्स, हलवू नकोस!"

बाहेरून शिवणकामवालीनं लाल खूण केली, आतून चकती बसली, सूनबाईनं पाकिटावर लिहिलं होतं तितका वेळ कुणाला हात लावू दिला नाही. मग आरसा चढवला. मी भुवई वर केली. हे म्हणाले, "हळू." मी ओठ मिटले. ह्यांनी किल्ली फिरवली. इमारतीतल्या प्रत्येकाकडून मी एकेकदा दार आपटून घेतलं. शिवणकामवालीनं तर तिच्या नवऱ्यावरचा राग काढला त्या दारावर. आरसा हलला नाही. थोरला दोन वेळा आपटून बघून गेला, दुसऱ्या वेळी जरा जास्तच जोरात.

सोमवारी तोच तपासनीस, तीच पेनं. मी म्हटलं, "या. आपटा दार."

त्यानं आपटलं. आरसा जागच्या जागी. मी मागे अशी बसले होते की जणू नोंदणी माझीच आहे आणि गाडी माझ्याबरोबर आली आहे. तेवढ्यात तो ह्यांना म्हणाला, "जरा उतरा," आणि स्वतः चालकाच्या जागेवर बसला. आरशात बघितलं. आरशात मी. त्यानं मान वाकडी केली. मीच. मान खाली घातली. तरी मीच.

"आजी, जरा बाजूला सरका."

मी सरकले. त्याला सीट दिसली.

"ह्यात रस्ता कुठे आहे?"

"रस्ता पुढे असतो," मी म्हटलं.

"मागचा रस्ता! मागून येणाऱ्या गाड्या! आरसा कशासाठी असतो? ह्यात तर फक्त तुम्ही दिसता."

खरं सांगते, तोवर आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. सूनबाईच्या नाही, थोरल्याच्या नाही, साहेबांच्या तर नाहीच. इतक्या जणांनी दार आपटलं, आरसा कुणीकडे बघतोय ते कुणी बघितलं नाही. तपासनिसानं आरसा फिरवायचा प्रयत्न केला. सांधा हलेना. त्यानं पेनाचं टोपण काढलं. मला फुली दिसायला लागली, फुलीच्या मागे भंगारवाला, आणि भंगारवाल्याच्या मागे माझी बहीण, चहाचा दुसरा कप घेऊन.

"हा असा किती वर्षं आहे?" त्यानं ह्यांना विचारलं.

"पहिल्यापासून," हे म्हणाले.

"आणि मागून गाडी आलेली कशी कळते तुम्हाला?"

हे चारचौघांत बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "साहेब, मागून गाडी आली की ती हॉर्न वाजवून सांगते. हिला काय झालंय ते ही सांगत नाही. हिच्याकडे बघावंच लागतं."

तपासनिसानं पेनाला परत टोपण घातलं. मी गप्प झाले, आणि एका आठवड्यात ही माझी दुसरी वेळ. रांगेतला मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. त्याच्याकडे बघून तपासनीस एकदम खेकसला, "थांबा जरा! दिसत नाही का, आरसा लावतोय!" मग त्यानं दोन्ही पेनं काढून टपावर ठेवली, बाह्या सारल्या, आरसा दोन्ही हातांत धरला आणि दात खाऊन पिळला. कट्ट असा आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सांधा फिरला होता. चकती, माझ्या हातानं घासलेल्या काचेवर, जिथल्या तिथे होती.

"आता रस्ता दिसतोय," तो म्हणाला. फुलीच्या जागी बरोबरची खूण केली. "आणि आजी, आता तुम्ही तोंडानं सांगत जा."

"तोंडानं पण सांगतेच ती," हे म्हणाले.

जाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, येते हो." मला आजी म्हटल्याबद्दल काही बोलायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी घरी यायला आम्हाला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. ह्यांना पहिल्यांदाच मागचं दिसत होतं. "अगं बाई," ते म्हणाले, "केवढ्या गाड्या आहेत मागे!" आणि गाडी कडेला घेतली. सगळ्यांना जाऊ दिलं. थोडं पुढे गेलो तर परत मागे रांग. परत कडेला. शेवटी तर हे खिडकीतून हात जोडायला लागले. "इतकी वर्षं हे सगळे आपल्यामागे असेच यायचे का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "यायचे असतील. आपण काय बोलावलं होतं?"

गुरुवारी बहिणीकडे गेलो. मनात म्हटलं, आज राहू दे, आज काही मनावर घ्यायचं नाही. गाडी पास झाल्याचं सांगितलं, तिनं चांगलं ऐकून घेतलं. मग मी नेहमीच्या मऊ खुर्चीकडे वळले, तर ही म्हणते, "ताई, त्यात नको बसूस. मागच्या वेळी तुला उठताना किती त्रास झाला. ही लाकडी घे, हिला धरायला हात आहेत."

धरायला हात! मी मुद्दाम मऊ खुर्चीतच बसले, म्हणजे तिच्यातून ताडकन उठता यावं. उठले. ताडकन उठायला जरा वेळ लागला, मधे एकदा परत बसले, पण उठले. पर्स काखेत मारली. "चला हो." गाडीत बसले, समोर नजर लावली, आणि ह्यांना आता ओठ दिसत नाहीत म्हणून मोठ्यानं सांगितलं, "मी ओठ मिटलेत!"

गाडी निघाली. जरा पुढे गेलो आणि हे आरशात बघत म्हणाले, "अगं, धाकटी फाटकात उभी आहे."

"असेल. तिचं फाटक आहे."

"हात हलवतेय."

"जा म्हणून हलवतेय का ये म्हणून?"

"ते आरशात नीट कळत नाही." ह्यांनी वेग कमी केला. भुवई कुणीच वर केली नव्हती. "अजून उभी आहे गं. दर वेळी अशीच उभी राहात असेल का ती? आपल्याला तर कधी दिसलीच नाही."

कोपरा आला. कोपऱ्यावरून वळलं की काही दिसणार नव्हतं, आणि निघणं पुरं होणार होतं.

"मागून गाडी येतेय का?" मी विचारलं.

"नाही. रस्ता मोकळा आहे. एकटी तीच आहे."

"मग घ्या मागे."

"वळवून घेतो."

"वळवायचं नाही!" मी म्हटलं. "आहे तशी मागे घ्या."

ह्यांनी रिव्हर्स टाकला आणि गाडी कुरकुरत, फाटकापर्यंत, उलटी गेली. बहिणीला नंतर सगळ्यांना सांगायचंच असेल तर खुशाल सांगू दे की ताई परत आली. पण नीट सांगावं. परत आले तेव्हा माझं तोंड घराकडेच होतं, तिच्या नव्हे, माझ्या.